मोठ्या जोडीच्या शोधात शीळफाट्याला

परत आल्यापासून आमच्या वाचनालयातल्या मैत्रिणी एकच विचारतायत, ठाण्याकडे जाऊन काय काय पाहिलंस? तलावपाळीला बोटीत बसले नाही, एकाही मॉलमध्ये पाऊल टाकलं नाही, कुस्ती पाहिली, असं सांगितलं की त्या तोंडाला पदर लावून हसतात. सांगली जिल्ह्यातून उठून कुस्ती बघायला ठाण्याकडे जायचं, म्हणजे उसाच्या फडातून उठून रस प्यायला शहरात जाण्यासारखंच. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं म्हटलं.

आधी थोडं घरचं. माझा धाकटा भाऊ, ज्याला सगळं गाव अण्णा म्हणतं, तो जुना पैलवान. त्याची मुलगी सायली शाळेत असल्यापासून लाल मातीत लोळतेय आणि आता कॉलेजात आहे. मी तिची आत्या, सुमन. जन्मभर मुलींच्या शाळेत इतिहास शिकवला. कुस्तीबद्दल माझं मत एवढंच होतं की त्याने कपडे फार मळतात.

जत्रेतल्या कुस्तीत कुणी कुणाशी लढायचं हे ठरवण्याला जोड लावणं म्हणतात. गेल्या हंगामात सायलीने सगळ्या कुस्त्या मारल्या, आणि घोडं तिथेच अडलं होतं. तिला दर वेळी तिच्याएवढी किंवा तिच्याहून कच्ची मुलगी मिळायची. ती जिंकायची, लोक टाळ्या वाजवायचे, आणि पुढच्या जत्रेत पुन्हा तसलीच जोड. नावाजलेल्या पैलवान मुली तिला उभं करून घेत नव्हत्या, आणि नावाजलेलीशी लढल्याशिवाय आपलं नाव होत नाही. या चैत्रात अण्णाने तिला सरळ सांगितलं, "पोरी, मोठीशी भिडल्याशिवाय कुणी मोठं हुईत न्हाई. ह्या हंगामात एक मोठी जोड लागली तर पुढं खेळ. न्हाईतर माती बास, भरतीच्या अभ्यासाला लाग." सायलीने मान डोलावली आणि ताटावरून उठली.

हंगामातली शेवटची जत्रा शीळफाट्याजवळच्या एका आगरी गावात होती. तिथल्या कुस्त्यांच्या जोडी लावणाऱ्या नानांनी फोनवर "मोठी जोड देतो" म्हणून शब्द दिला. अण्णाच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मुलीच्या बाजूने जोड कबूल करायला कुणीतरी वडीलधारं माणूस लागतं, असं म्हणत घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ठाणे ते शीळफाटा

आमची बस सकाळी ठाण्याला पोचली. नाना स्वतः गाडी घेऊन आले होते. पांढरे शुभ्र कपडे, गळ्यात बोटभर जाड साखळी, आणि दोन्ही कान मुडपलेल्या भजीसारखे. पैलवानाचा कान मातीत घासून घासून असा होतो, हे मला अण्णामुळे ठाऊक होतं. नाना माझ्या पायाशी वाकले. मी संकोचून मागे सरकले. साठीच्या माणसाने माझ्या पाया का पडावं, ते मला गावात पोचल्यावर कळलं.

मुंब्र्याच्या बाजूने रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो. एका अंगाला उघडाबोडका खडक, दुसऱ्या अंगाला खाली खाडी आणि इमारतींची दाटी. बघावं तितकं थोडं, असं मी म्हणते न म्हणते तोच गाडी थांबली, ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये आम्ही. नानांनी इंजिन बंद केलं, खाली उतरून शेजारच्या ट्रकवाल्याशी गप्पा मारल्या, काकड्या विकणाऱ्या बाईकडून मीठमसाला लावलेल्या काकड्या आणून आमच्या हातात दिल्या. आमच्याकडे हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, तेव्हा माणसं हॉर्न वाजवून जीव नकोसा करतात. इथे कुणीच चिडलेलं दिसेना.

"रोजचंच का हे?" मी विचारलं.

"मॅडम, शीळफाटा सोडतो सगल्यांना," नाना काकडी खात म्हणाले, "पण त्याच्या मर्जीने सोडतो. आपन फक्त घरून लवकर निघायचा."

गाव म्हणजे चहूबाजूंनी उंच उंच टॉवर आणि मध्ये ओटीचे, रंगीत ग्रिलचे बंगले. टॉवरांच्या सावलीत भाताची रिकामी खाचरं अजून शिल्लक आहेत, त्यातच आखाडा केला होता. वेशीवर देवीच्या जत्रेचा मोठा बॅनर होता. त्यावर सायलीचा शड्डू ठोकतानाचा फोटो, माणसाच्या उंचीचा. खाली लिहिलेलं, 'घाटावरची वाघीण'. तिच्या खांद्याजवळ एका कोवळ्या मुलीचा लहानसा फोटो, 'गावची कन्या मानसी'. आणि सर्वांत खाली, फुलांच्या चौकटीत, माझा शाळेच्या निरोप समारंभातला फोटो आणि त्याखाली 'वस्ताद सुमनताई'. अण्णाने नानांना माझा फोटो पाठवला होता, स्टँडवर ओळखता यावं म्हणून. पैलवानाबरोबर येतो तो त्याचा वस्तादच असणार, असं नानांनी धरून चाललं होतं.

सायली हसून हसून गाडीच्या दाराला टेकली. मला मात्र दुसरंच काही दिसलं होतं.

ओटीवर बसल्यावर, चहा यायच्या आत मी विषय काढला. "नाना, तुम्ही मोठी जोड कबूल केली होती."

"लावलीय ना! मानाची कुस्ती हाय. तिच्यावर फक्त शेवटची."

"अहो, पण ही मानसी कोण?"

"माजी नात." त्यांनी आत हाक मारली. सतरा-अठरा वर्षांची, आखूड केसांची मुलगी बाहेर आली आणि सायलीकडे टक लावून बघत उभी राहिली. नाना कौतुकाने म्हणाले, "गेल्या साली सुरुवात केली. अजून मोठीशी लढली नाय."

"मग तिच्याशी लढून आमच्या सायलीला काय मिळणार?"

नाना खरोखरच गोंधळले. "मॅडम, तुमची सायली मोठी नाय? घाटावरची, गेल्या साली कुनाकडून पडली नाय. म्हनून तर बोलावली. आमची पोर मोठीशी भिडल्याशिवाय मोठी कशी होनार?"

अण्णाचं वाक्य. अगदी तेच, फक्त आगरी उच्चारात. आम्ही शिडी शोधत आलो होतो आणि या लोकांनी आम्हालाच शिडी करून भिंतीला लावलं होतं. मला राग आला होता, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत लबाडीचा लवलेश नव्हता, त्यामुळे तो राग कुठे ठेवावा ते कळेना.

"नको असेल तर सांगा," नाना शांतपणे म्हणाले. "आखाड्यात हातात हात दिला नाय, तवर जोड कच्ची. हात दिला की मग देव आला तरी सुटत नाय. आनि एक सांगून ठेवतो, माज्या आखाड्यात एका पोरीला एका दिवसात एकच कुस्ती. दमलेलीला ताजीसमोर मी उभी करत नाय."

मी सायलीकडे पाहिलं. ती बॅनरच्या दिशेला तोंड करून पायरीवर बसली होती.

"आत्या, फोटो बरा आलाय न्हवं?" ती म्हणाली. पण आवाज पडलेला होता. परत जायचं म्हटलं तर हंगाम संपला, राहायचं म्हटलं तर मोठी जोड नाही.

त्या घरात रागावून बसणंही सोपं नव्हतं. नानांच्या बायकोने, सगळे त्यांना काकू म्हणत, माझ्यापुढे तांदळाच्या भाकरीची चवड ठेवली. आमची ज्वारीची भाकरी हाताला कणखर लागते, ही पांढरी भाकरी तोंडात ठेवली की विरघळते आणि आपण किती खाल्ल्या ते कळत नाही. बरोबर वालाचं बिरडं आणि खाडीतल्या कोलंबीचं कालवण. मी सवयीप्रमाणे कोलंबी चमच्याने उचलायला गेले आणि ती उडून थेट नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. काकू म्हणाल्या, "पडू दे गो बाय. त्याचा सदरा रोज जेवतो." सायली त्या दिवसभरात पहिल्यांदा मनापासून हसली.

रात्री निजायला आम्हा दोघींना मानसीची खोली दिली होती. पाहते तर सायली आणि मानसी भिंतीला पाय लावून, डोक्यावर तोल घेऊन मानेचा व्यायाम करतायत.

"अगं, उद्याच्याला तुझ्याशीच लढायची आहे ती," मी सायलीला बाजूला घेऊन म्हटलं.

"उद्या न्हाई, परवा. आणि तिची मान मजबूत असू दे की आत्या, न्हाईतर मोडायची माझ्या हातानं."

मानसी तिला आपला डावा कान दाखवत होती. "दीदी, बघ ना, सुजायला लागलाय. होनार ना नानांसारखा?" सायलीने तो दोन बोटांत धरून जाणत्यासारखा दाबून पाहिला आणि होणार म्हणून सांगितलं. बाकीच्या मुली कानात नवे डूल घालून मिरवतात तेवढा आनंद मानसीच्या तोंडावर होता.

शहाड

दुसऱ्या दिवशी सरावासाठी नाना आम्हाला शहाडला घेऊन गेले. कल्याणची गर्दी ओलांडून पलीकडे गेलं की उल्हास नदी लागते. पुलावरून आधी मला ते हिरवं शेतच वाटलं, इतकी जलपर्णी दाटली होती. त्या हिरव्यातून एक माणूस होडी ढकलत वाट काढत होता. आमची कृष्णा चैत्रात वाळूने दिसते, ही पानांनी दिसते. नदीची दशा सगळीकडे सारखीच, फक्त रंग वेगळा.

नदीकाठच्या एका जुन्या शेडमध्ये तालीम आहे. अर्ध्या भागात गादी, अर्ध्या भागात माती. मातीत हळद, ताक आणि तेल घातलेलं, त्यामुळे शेडमध्ये शिरताच देवघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधलाच काहीतरी वास येतो. भिंतीवर मारुतीची तसबीर. आमच्याकडच्या जुन्या तालमीत बाईने पाऊल टाकलेलं अजून काही म्हाताऱ्यांना खपत नाही. इथे मी वस्ताद म्हणून माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

तिथेच रोझी भेटली. जत्रेतली शेवटची कुस्ती तिची होती, पुण्याकडच्या एका नामांकित मुलीशी. रोझी उत्तनच्या बाजूची, ख्रिस्ती कोळ्यांची लेक, बापाची मासेमारीची बोट. रुंद खांदे, आणि चालणं असं की जमीन हलतेय आणि ही स्थिर आहे. मातीत उतरताना तिने वाकून माती कपाळाला लावली, मग छातीवर क्रूस काढला, मग मारुतीकडे बघून मान लववली. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं होतं की मी बरीच पुढारलेली आहे, तरी मी बघत राहिलेच.

सराव झाल्यावर ती घाम पुसत माझ्याशेजारी येऊन बसली. मी आपली शिक्षिका, विचारायचं ते सरळ विचारते. "तू लढशील का आमच्या सायलीशी?"

ती हसली, पण कुचेष्टेने नाही. "आंटी, वाईट नका वाटून घेऊ. पोरगी चांगली आहे, मी बघितली आत्ता. पण मला काय त्यात? जिंकले तर लोक बोलनार, लहान पोरीला पाडली. हरले तर माझं नाव ती घेऊन जानार. लहान पोरीला मोठीशी लढायचं असतं, मोठीला नसतं. मी पन लहान होते तेव्हा मला कोन उभं करत नव्हतं."

"मग लहानांनी करायचं काय?"

"वाट बघायची," रोझी म्हणाली आणि पिशवीतून सुक्या बोंबलांची पुडी काढून माझ्या हातात दिली, काकूंना द्यायला म्हणून.

परतताना गाडीत बोंबलांचा वास होता आणि सायली खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो काढला नाही, एवढंच. मी मनाशी ठरवलं की परवा सकाळी घरी जाताना अण्णाशी बोलायचं, हिला अजून एक वर्ष दे म्हणायचं. पण अण्णा माझं ऐकेल याची मला खात्री नव्हती.

जत्रेचा दिवस

सकाळी देवीची पालखी, दुपारी जेवणं, ऊन कलल्यावर कुस्त्या. आमच्याकडे आखाड्याभोवती हलगी कडाडते, इथे बेंजो पार्टी. एक कुस्ती संपली की लगेच नाचाची चाल, आणि हरलेला पैलवानसुद्धा बाहेर पडता पडता दोन पावलं नाचून घेतो. एका बाजूला खुर्च्यांवर बायका, भरजरी नऊवारी, दंडापर्यंत सोनं, केसांत मोगरा. व्यासपीठावर माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला. नको नको म्हणता तो बांधून झाला आणि मग कुणी आरसा देईना.

नाना जोडी कशा लावतात ते मी तिथून पाहिलं. ज्याला लढायचंय तो हात वर करून आखाड्याला पूर्ण फेरी मारतो. दुसरा कुणी पुढे आला की नाना दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतात, मनगटं चाचपतात, मानेवरून तळवा फिरवतात. काटा नाही, वजन नाही. पटलं तर दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतात, नाही पटलं तर दोघांना पाठीवर थाप मारून परत पाठवतात. एका दांडग्या गड्याने हलका प्रतिस्पर्धी मागितला, तर नानांनी लाउडस्पीकरवरून त्याला सांगितलं, "तुला कुस्ती पायजे का बक्षीस पायजे?" सगळा आखाडा हसला.

उन्हं उतरायला लागली. मानाची कुस्ती आता लागणार, तेवढ्यात नाना फोन कानाला लावून व्यासपीठामागे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. शीळफाट्यावर कंटेनर आडवा झाला होता आणि रोझीशी लढायला येणारी पुण्याची मुलगी त्याच्या पलीकडे अडकली होती. थांबायची सोय नव्हती, कारण दिवेलागणीला देवीची आरती, आणि आरतीनंतर त्या आखाड्यात कुणी उतरत नाही.

रोझी आखाड्याच्या कडेला उभी होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग माती उचलून अंगाला लावली आणि हात वर करून फेरी मारायला निघाली. एवढी माणसं तिच्यासाठी थांबली होती, त्यांच्यासमोरून न लढता घरी जाणं तिला जमणारं नव्हतं. बेंजो थांबला. ती पूर्ण फेरी मारून आली, पण कुणीच पुढे झालं नाही. ज्या मुली जोडीच्या होत्या, त्या लढून दमल्या होत्या.

नाना माझ्याजवळ आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "मॅडम, मानसीचा हात अजून सायलीच्या हातात दिला नाय. जोड कच्ची हाय. तुमची पोर ताजी हाय. रोझीला ती चालेल, मी विचारला. पन कुस्ती एकच. सायली तिकडे गेली तर माजी नात आज बसनार."

"मग तुम्ही ठरवा ना," मी म्हटलं.

"नातीचा तोंड बघून माज्याच्याने खरा निवाडा होनार नाय. म्हनून वस्तादांना विचारतो."

मी वस्ताद नाही हो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. ज्या माणसावर मी आल्यापासून मनातून चिडले होते, तो स्वतःच्या नातीची संधी माझ्या हातात ठेवून बाजूला उभा होता. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी उकळी फुटावी तसा आनंदही झाला. फेटा सावरत मी खाली उतरले.

सायली आणि मानसी शेजारी शेजारी उभ्या होत्या, दोघींच्या अंगाला माती. मी दोघींसमोरच सगळं सांगितलं. आडून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सायलीने एकदा रोझीकडे पाहिलं, मग मानसीकडे. "आत्या, हिच्याशी लढले तर मी मोठी. रोझीशी लढले तर मी लहान," ती म्हणाली. "मला आज लहान व्हायचंय."

मानसी दंडावरची माती हाताने झाडत म्हणाली, "मला राग आलाय तुझा."

"येऊ दे की," सायली म्हणाली, आणि आखाड्यात उतरली.

नानांनी रोझीचा हात तिच्या हातात दिला. लोकांना आधी ती चेष्टा वाटली. बॅनरवर कितीही वाघीण म्हटलं असलं तरी रोझीपुढे सायली काठीसारखी दिसत होती. काही माणसं तर चपला शोधायला लागली. पण दोघी एकमेकींच्या मानेला हात घालून भिडल्या आणि बराच वेळ कुणी कुणाला हलवू शकलं नाही. रोझीने खाली वाकून पायांना हात घालत पट काढला, सायली निसटली. पुन्हा काढला, पुन्हा निसटली. चपला शोधणारे परत बसले. एकदा सायलीने वाकून रोझीचा पाय उचलला आणि ती दांडगी पोर खरोखर कोसळली. सगळ्या बायका खुर्च्यांवरून उठल्या. मीही उठले. काय ओरडत होते ते आठवत नाही, पण घसा दुसऱ्या दिवशीही बसलेलाच होता. रोझी पाठ टेकायच्या आत वळली, पोटावर आली, वाचली. त्यानंतर तिने हसणं बंद केलं.

आकाश तांबडं होत आलं तेव्हा रोझीने सायलीला खाली घेतलं, लांगेला धरून घिस्सा डावाने उलथवलं आणि पाठ मातीला लावली. पंचांनी हात वर केला. संपलं.

रोझी तिथेच मातीत बसून धापा टाकत होती. मग उठून तिने सायलीच्या पाठीवरची माती स्वतःच्या हाताने झाडली. "घाटावर सगल्या अशाच असतात काय गो?" असं तिने विचारलेलं माझ्यापर्यंत ऐकू आलं. टाळ्या चालू होत्या. पण माझ्या मनात वेशीवरचा तो बॅनर आला. एकही कुस्ती न हरलेली म्हणून या लोकांनी हिला मोठी मानली होती, आणि आता ती सगळ्यांसमोर पडली होती. मोठी जोड मिळाली, पण होतं ते नाव तर गेलं नाही ना, या विचाराने मला खरंच रडू येऊ लागलं.

तेवढ्यात मानसी आखाड्यात उतरली. हात वर करून तिने फेरी सुरू केली. बेंजोवाल्यांना काही समजेना, ते वाजवायचे थांबले. ती सगळ्या आखाड्याला वळसा घालून आली, रोझीच्या पुढून गेली, आणि सायलीसमोर उभी राहून तिने हात पुढे केला.

"आज नाय गो," नाना म्हणाले. "एक पोर, एक कुस्ती."

"आज कोन बोलतंय? पुढच्या जत्रेला."

"अगो, ती पडली आत्ता. मोठीचाच हात मागायचा तर रोझीचा माग."

"रोझीसमोर एवढा वेल कोन टिकलाय, तुमीच सांगा," मानसी म्हणाली. हात तिने खाली घेतला नव्हता. "मला हीच पायजे."

सायलीच्या नाकातून थोडं रक्त येत होतं. ते तिने मनगटाने पुसलं आणि मानसीच्या हातात हात दिला. नानांनी दोघींच्या हातांवर आपला पंजा ठेवला, लाउडस्पीकर तोंडाजवळ घेतला, आणि पुढच्या साली मानाची कुस्ती कुणाची ते सगळ्या गावाला सांगून टाकलं. देवळात घंटा वाजायला लागली होती. रोझी देवळाच्या पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली, बाकी सगळे आरतीला गेले.

ओटीवर येऊन सायलीने अण्णाला फोन लावला, मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने.

"पडले अण्णा. रोझीकडून."

तिकडून मग अण्णाचा आवाज एकदम चढला. "रोझी? शेवटच्या कुस्तीची रोझी? तिच्याशी जोड लागली तुझी?"

"लागली. आणि पुढच्या जत्रेचीबी एक ठरवून आले. हातात हात दिलाय, आता देव आला तरी सुटत न्हाई."

"कुणाशी?"

"मानसीशी. नानांची नात."

"ती कुठली? मोठी हाय का?"

मानसी दारात उभी राहून ऐकत होती. सायलीने तिच्याकडे पाहिलं.

"न्हाई अण्णा," ती म्हणाली. "त्या जोडीत मोठी मी हाय."

अण्णा मग घसा खाकरून म्हणाला की गुडघा तोवर बरा होईल, पुढच्या वर्षी तोच येईल सायलीबरोबर. मी फोन ओढून घेतला आणि त्याला सांगितलं की त्याने यायला माझी काही हरकत नाही, पण बॅनरवर वस्ताद म्हणून माझं नाव आहे.